प्रोटीन मीडियात येईना? पेशीत नेमकं कुठे अडकलंय ते शोधायची पद्धत

एम.एस्सी.च्या डिझर्टेशनचा सीझन आला की ताळगाव पठारावर (गोवा विद्यापीठात) काय आणि झुआरीनगरात (बिट्स गोव्यात) काय, एकच रडगाणं ऐकू येतं. जीन घातली, पेशी छान वाढतायत, आरएनए पण मिळतोय, पण मीडियात (पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात) प्रोटीनच नाही. मग लगेच परत क्लोनिंग, नवे प्रायमर, नवं प्लास्मिड, आणि बघता बघता मार्च उजाडतो. माझं सरळ म्हणणं आहे की क्लोनिंगला हात लावायच्या आधी पेशीच्या आत बघा. पुष्कळदा प्रोटीन बनलेलं असतं, फक्त पेशीने ते बाहेर सोडलेलं नसतं, आणि का सोडलं नाही याची खूण त्या प्रोटीनच्या अंगावरच सापडते.

बाहेर जाणारी बहुतेक प्रोटीन्स आधी पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधे शिरतात, पुढे मी नुसतं ईआर म्हणेन. तिथे त्यांची घडी पडते, साखर चिकटते, सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लांचे बंध जुळतात, तपासणी होते, आणि पास झालं तरच गॉल्जीकडे, म्हणजे पेशीतल्या पुढच्या स्टेशनकडे, गाडी सुटते. या प्रत्येक टप्प्यावर प्रोटीनवर काहीतरी फरक पडतो जो साध्या जेलवर दिसतो, साखर किती छाटली गेली, सिस्टीन मोकळे आहेत की जुळलेत, कोण त्याला धरून बसलंय वगैरे. म्हणजे मोठं मशीन नको, वेस्टर्न ब्लॉट (जेलवरचं प्रोटीन अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) नीट जमत असेल तर तेवढं बस. भिवपाची गरज ना, घाबरू नका.

पायरी १: आधी कागदावर

सीक्वेन्सची प्रिंट काढा आणि हातात पेन घेऊन बसा. सुरुवातीला सिग्नल पेप्टाइड आहे का बघा, साधारण १५ ते ३० अमिनो आम्लांचा तुकडा, मधे चरबीत विरघळणाऱ्या अमिनो आम्लांची रांग. हा तुकडा म्हणजे ईआरमधे शिरायचा पास, ही कल्पना मांडून सिद्ध केल्याबद्दल ग्युंटर ब्लोबेलना १९९९ चं नोबेल मिळालं. सिग्नलपी नावाचं ऑनलाइन टूल फुकट आहे, दोन मिनिटात उत्तर देतं. टॅग, म्हणजे अँटीबॉडीला ओळखता यावं म्हणून प्रोटीनला जोडलेला छोटा तुकडा, कुठे लावलाय तेही आत्ताच बघा. सिग्नल पेप्टाइडच्या आधी टॅग लावला तर शिरण्यात अडचण येऊ शकते, आणि शिरलंच तर तो टॅग सिग्नलबरोबर कापून जातो, मग अँटीबॉडी कशाला चिकटणार? टॅग शेवटी लावा किंवा जिथे काप पडतो त्याच्या थोडा पुढे. आणि शेवटची चार अक्षरं केडीईएल तर नाहीत ना बघा, कारण ती ईआरच्या कायमच्या रहिवाशांची खूण आहे, गॉल्जीपर्यंत जरी पोचलं तरी रिसेप्टर धरून परत आणतो. यीस्टमधे तीच खूण एचडीईएल अशी असते.

मग साखरेच्या जागा शोधा. अ‍ॅस्पॅराजिन, मग कुठलंही एक पण प्रोलीन नको, मग सेरीन किंवा थ्रिओनीन, असा तिघांचा गट दिसला की गोल करा. अशा प्रत्येक जागी साखर चढेलच असं नाही, पण चढली तर जेलवर दर जागेमागे साधारण २ ते ३ किलोडाल्टन वजन वाढतं.

शेवटी सिस्टीन मोजा. हे लोक नेहमी विसरतात. समुद्री जिवांवर काम करणाऱ्यांसाठी जवळचं उदाहरण म्हणजे कोनस शंखाचं विष. झिकोनोटाइड नावाचं वेदनाशामक ज्या कोनस विषावरून आलं त्यात फक्त २५ अमिनो आम्लं, पण सिस्टीन सहा, आणि सहा सिस्टीन जोड्या लावून बसायचे १५ प्रकार होतात ज्यातला एकच बरोबर. रायबोन्यूक्लिएज ए मधे आठ सिस्टीन, तिथे प्रकार १०५. क्रिस्टियन अनफिन्सनने याच एन्झाइमची घडी उलगडून परत पडू दिली आणि दाखवलं की बरोबर घडीची माहिती सीक्वेन्समधेच असते, १९७२ च्या केमिस्ट्री नोबेलमधे त्याचा वाटा याच कामासाठी. पण परीक्षानळीत ते तासंतास चालायचं आणि पेशीला एवढा वेळ नसतो, म्हणून त्याच ग्रुपने १९६३ मधे बंध अदलाबदल करून देणारं एन्झाइम शोधलं, ज्याला आपण आज पीडीआय म्हणतो.

कागदावर तीन आकडे लिहून ठेवा. नुसत्या साखळीचं वजन, सगळ्या जागी साखर चढली तर वजन, आणि सिस्टीन किती. पुढची प्रत्येक जेल या तीन आकड्यांशी ताडून बघायची आहे.

पायरी २: सॅम्पल तीन घ्या, एक नाही

इथेच अर्धी डिझर्टेशन्स बुडतात. लोक मीडिया घेतात आणि पेशी टाकून देतात! मीडिया, पेशींचा विरघळलेला लायसेट, आणि ट्रायटन डिटर्जंटमधे न विरघळलेला तळाचा गाळ, म्हणजे पेलेट, असे तीन नमुने पाहिजेत. पेलेट एसडीएस बफरमधे उकळून घ्या, चिकट होईल कारण डीएनए सुटतो, सिरिंजच्या बारीक सुईतून चार-पाचदा ओढा नाहीतर थोडं सोनिकेट करा.

मीडिया गोळा करायच्या आधी पेशी धुऊन सीरमशिवायच्या मीडियात ठेवा, निदान काही तास. सीरम असेल तर त्यातलं अल्ब्युमिन ६६ किलोडाल्टनच्या आसपास एवढा फुगा करतं की शेजारचे बँड सरकतात आणि तुमचं प्रोटीन ५५ ते ७५ च्या मधे असेल तर दिसणारच नाही. मग पेशी काढून टाकायला मीडिया सेंट्रिफ्यूज करा, आणि टीसीए किंवा थंड अ‍ॅसिटोनने प्रोटीन खाली बसवा.

लायसिसच्या आधी पेशी बर्फावर, थंड पीबीएसमधे २० मिलिमोलर एन-इथाइलमॅलिमाइड घालून धुवा, लायसिस बफरमधे पण तेच घाला. हे मोकळ्या सिस्टीनना झाकण लावतं. नाही घातलं तर पेशी फुटल्यावर हवेच्या संपर्कात सिस्टीन आपापसात जुळतात आणि मग तुम्ही बघताय ती घडी पेशीतली की तुमच्या ट्यूबमधली, हे सांगता येत नाही. ताजं बनवा, इथेनॉलमधे, पाण्यात ते टिकत नाही. प्रोटीन कापणारी एन्झाइम्स थांबवणाऱ्या पीएमएसएफचं पण तेच, पाण्यात गेलं की थोड्या वेळात मरतं, त्यामुळे सकाळी बफरमधे घालून संध्याकाळी वापरायचा काही फायदा नाही.

लोडिंग मायक्रोग्रॅमवर करू नका, टक्केवारीवर करा. लायसेटचा १० टक्के असेल तर मीडियाचा पण १० टक्के, पेलेटचा पण तेवढाच. तरच एका डिशमधलं किती प्रोटीन कुठे आहे हे कळतं. आणि ब्लॉटवरची आधीची अँटीबॉडी काढून त्यावर अ‍ॅक्टिन किंवा जीएपीडीएच या पेशीच्या आतच राहणाऱ्या प्रोटीनची अँटीबॉडी लावा, मीडियाच्या लेनमधे ते दिसलं तर तुमच्या पेशी फुटल्यात, तो स्राव नाही.

आता जे दिसेल त्यावरून वाट ठरते. तिन्हीकडे काहीच नाही, म्हणजे एकतर बनत नाहीये नाहीतर बनल्या बनल्या नष्ट होतंय, पायरी ६ वर उडी मारा. लायसेटमधे भरपूर आणि मीडियात नाही, म्हणजे अडकलंय, पायरी ३ पासून चला. पेलेटमधेच सगळं, म्हणजे गोळा झालाय, पायरी ४ आधी करा. लायसेटमधे कमी आणि मीडियात पण थोडं, तर कदाचित काहीच बिघडलेलं नाही, वेळ कमी दिलाय.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं, जूनमधे लाईट गेली आणि जनरेटर उशिरा लागला की फ्रीझरमधले लायसेट वितळून परत गोठतात. छोट्या छोट्या ट्यूबमधे वाटून ठेवा, शक्यतो एसडीएस सॅम्पल बफर घालून उकळूनच ठेवा. फक्त नॉन-रिड्यूसिंग जेलसाठीचा (सिस्टीनचे बंध शाबूत ठेवून चालवायच्या जेलसाठीचा) एक वाटा डीटीटीशिवाय, कारण डीटीटी ते बंध तोडतं.

पायरी ३: साखरेवरून पत्ता काढा

आधी आत काय होतं ते. प्रोटीनची साखळी ईआरमधे शिरता शिरताच एक एन्झाइम त्यावर १४ साखरांचं तयार झाडच उचलून बसवतं, दोन एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन, नऊ मॅनोज आणि टोकाला तीन ग्लुकोज. मग छाटणी सुरू. ग्लुकोसिडेज १ पहिला ग्लुकोज काढतं, ग्लुकोसिडेज २ दुसरा. एकच ग्लुकोज उरला की कॅलनेक्सिन नाहीतर कॅलरेटिक्युलिन त्या टोकाला धरतात, आणि त्यांच्याबरोबर फिरणारं ईआरपी५७ सिस्टीनचे बंध जुळवून देतं. तिसरा ग्लुकोजही गेला की पकड सुटते. आता घडी नीट असेल तर प्रोटीन पुढे जातं. नीट नसेल, आतली तेलकट बाजू बाहेर डोकावत असेल, तर यूजीजीटी नावाचं एन्झाइम ते ओळखून एक ग्लुकोज परत चिकटवतं, आणि प्रोटीन परत कॅलनेक्सिनच्या हातात. सरळ सांगायचं तर ही एटीकेटी आहे, नापास झालात, वर्ष गेलं नाही, परत बसा. पण एटीकेटी पण कायमची मिळत नाही. तेवढ्या वेळात मॅनोज काढणारी एन्झाइम्स हळूहळू काम करत असतात, मॅनोज जास्त छाटले गेले की ओएस-९ सारखी प्रोटीन्स ते ओळखतात आणि रवानगी थेट ईआरच्या बाहेर, प्रोटिओझोम या प्रोटीन चिरणाऱ्या यंत्राकडे.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की यूजीजीटीला तुमचं प्रोटीन काय काम करतं याच्याशी काही देणंघेणं नाही. काम करू शकणारं प्रोटीनसुद्धा घडी हळू पडते म्हणून अडकतं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारातला सगळ्यात कॉमन म्युटेशन, सीएफटीआर नावाच्या प्रोटीनमधे ५०८ नंबरचं फिनाइलअ‍ॅलॅनिन गायब, त्याचं हेच आहे. सीएफटीआर हे बाहेर सोडलं जाणारं नाही, पडद्यात बसणारं प्रोटीन, पण गेट तेच, ईआरचं. पेशी कमी तापमानाला वाढवल्या की त्यातलं काही पडद्यापर्यंत पोचतं आणि क्लोराइड सोडतं, हे १९९२ मधेच दाखवलं गेलं. हे डोक्यात ठेवा, शेवटी उपाय करताना कामी येतं.

आता टेस्ट. दोन एन्झाइम लागतात, एन्डो एच आणि पीएनगेज एफ. एन्डो एच फक्त मॅनोजवाली कच्ची साखर कापतं, म्हणजे ईआरमधली आणि गॉल्जीच्या सुरुवातीची. गॉल्जीच्या मधल्या भागात झाडाचं रूप बदललं की एन्डो एच ते कापू शकत नाही. पीएनगेज एफ कच्ची-पक्की जवळजवळ सगळीच कापतं. करायचं असं:

लायसेट तीन ट्यूबमधे सारखा वाटा. तिन्हींत ०.५ टक्के एसडीएस आणि ४० मिलिमोलर डीटीटी होईल असं बघा, १०० अंशाला १० मिनिटं, मग बर्फावर. पहिल्या ट्यूबमधे फक्त बफर. दुसरीत एन्डो एच त्याच्या आम्लसर बफरबरोबर. तिसरीत पीएनगेज एफ त्याच्या बफरबरोबर, आणि इथे १ टक्का एनपी-४० घालायलाच पाहिजे नाहीतर एसडीएस त्या एन्झाइमला मारतं. ३७ अंशाला एक तास, सॅम्पल बफर, उकळा, जेल. मीडियात थोडंसुद्धा प्रोटीन असेल तर त्याचाही असाच तिघांचा सेट करा, तो तुमचा पक्क्या साखरेचा नमुना.

वाचायचं कसं? पीएनगेज एफने पण बँड खाली येत नाही आणि कागदावर साखरेच्या जागा आहेत, तर प्रोटीन ईआरमधे शिरलंच नसेल अशी शंका घ्या, सिग्नल पेप्टाइडकडे परत जा. एन्डो एचने सगळं खाली येतंय, तर ईआरमधे अडकलंय. अर्ध वर अर्ध खाली, तर काही पुढे सरकतंय, गेट बंद नाही, फक्त हळू आहे, आणि अशा केसमधे उपाय चांगले लागू पडतात.

तीन ठिकाणी लोक फसतात. एक, यीस्टमधे काम करताय तर हे वाचन चालतच नाही, कारण यीस्ट बाहेर सोडलेल्या प्रोटीनवर पण मॅनोजचीच साखर ठेवतं, एन्डो एच ती कापणारच. दोन, किड्यांच्या किंवा झाडांच्या पेशीत साखरेच्या बुडाशी वेगळ्या जोडणीचा फ्युकोज असू शकतो, मग पीएनगेज एफ चालत नाही, पीएनगेज ए लागतं. तीन, ईआरमधून पुढची वाहतूक अडवणारं ब्रेफेल्डिन ए घालून "हे बघा ईआरमधे अडकलेलं प्रोटीन असं दिसतं" असा कंट्रोल करू नका. ब्रेफेल्डिनने गॉल्जीतली एन्झाइम्सच मागे ईआरमधे येऊन मिसळतात आणि अडकलेल्या प्रोटीनची साखर पण पक्की होऊन बसते, मग एक्झामिनरने विचारलं की घाम फुटतो.

आणि प्रोटीनला साखरच नसेल तर? अल्ब्युमिन तसंच आहे, एन-साखर शून्य, सिस्टीन ३५, त्यातले ३४ जुळून १७ बंध आणि एक मोकळा. तिथे पुढची पायरी हीच खरी टेस्ट.

पायरी ४: सिस्टीन जुळले की गुंता झाला

सायटोसोलमधलं (पेशीतल्या ईआरबाहेरच्या द्रवातलं) वातावरण बंध तोडणारं असतं, ईआरमधलं त्या मानाने बंध जुळू देणारं. पीडीआय बंध लावतं, चुकीचे तोडून परत लावतं, आणि इआरओ१ पीडीआयला परत परत चार्ज करतं, शेवटी इलेक्ट्रॉन जातात ऑक्सिजनकडे आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणूनच ई. कोलायच्या सायटोसोलमधे सिस्टीनवालं प्रोटीन बनवलं की बहुतेकदा गोळे मिळतात, पेरिप्लाझममधे पाठवलं तर बरं असतं. त्यावर इथे जास्त बोलत नाही.

तुमच्या लायसेटचे दोन वाटे, एक डीटीटी घालून, एक न घालता. न घातलेला चालवल्यावर बरोबर घडीचं प्रोटीन सहसा थोडं खाली, आटोपशीर बँड म्हणून दिसतं कारण बंधांमुळे साखळी आवळलेली राहते. चुकीचे बंध असतील तर पसरट धूर, आणि दोन-तीन रेणू एकमेकांत अडकले असतील तर वरती शिडी, कधी कधी विहिरीच्या तोंडालाच सगळं अडकलेलं. डीटीटीवाल्या लेनमधे ते सगळं परत एका बँडमधे आलं तर नक्की, गुंता सिस्टीनचाच. दोन्ही प्रकारच्या लेन एकाच जेलवर असतील तर मधे एक-दोन लेन रिकाम्या सोडा, डीटीटी शेजारच्या लेनमधे झिरपतं आणि तुमची सुंदर शिडी अर्धवट पुसून टाकतं.

पायरी ५: कोण धरून बसलंय

साखर नसलेल्या किंवा साखरेच्या वाटेने न सुटणाऱ्या प्रोटीनला बिप धरतं. बिप म्हणजे ईआरमधलं एचएसपी७०, एटीपी आणि एडीपीच्या जोरावर तेलकट पट्टे धरायचं-सोडायचं काम. याचा शोधच अँटीबॉडीमुळे लागला, १९८३ मधे, हलकी साखळी नसलेल्या पेशींत जड साखळीला काहीतरी चिकटून बसलेलं दिसलं. जड साखळीचा सीएच१ भाग एकटा असताना घडीच घालत नाही, हलकी साखळी येऊन जोडली गेली की मगच, तोपर्यंत बिप सोडत नाही. म्हणून कुणी फक्त जड साखळीचं प्लास्मिड घालून "मीडियात येत नाही" म्हणत असेल तर येणारच नाही बाबा.

बघायला तुमच्या प्रोटीनचा इम्युनोप्रेसिपिटेशन करा (म्हणजे अँटीबॉडीने ते ओढून काढा) आणि बिपसाठी ब्लॉट करा. लायसिस बफरमधे एटीपी शिल्लक राहता कामा नये, एटीपी तोडणारं अ‍ॅपायरेज घाला, नाहीतर पेशीतल्याच एटीपीने बिप सुटून जातं आणि तुम्ही म्हणाल की बांधलेलंच नाही. उलटा कंट्रोल म्हणून धुताना एका ट्यूबमधे एटीपी आणि मॅग्नेशियम घाला, तिथे बिप सुटलं पाहिजे. केडीईएलविरोधी अँटीबॉडी घेतली तर बिप आणि जीआरपी९४ दोन्ही दिसतात, एका पैशात दोन.

पायरी ६: नष्ट होतंय का

ईआरमधलं नापास प्रोटीन परत सायटोसोलमधे ओढलं जातं, एचआरडी१ सारखी लायगेज एन्झाइम्स त्याला युबिक्विटिनची खूण लावतात, पी९७ खेचून बाहेर काढतं आणि प्रोटिओझोम चिरतं. तपासायला सायक्लोहेक्सिमाइड चेस करा. ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली घालून नवं प्रोटीन बनणं थांबवा आणि ०, १, २, ४ तासांनी पेशी व मीडिया दोन्ही घ्या. लायसेटमधून कमी होत मीडियात तेवढंच वाढतंय तर छान, ते बाहेर जातंय. लायसेटमधून गेलं आणि मीडियात आलंच नाही तर चिरलं गेलं. दुसऱ्या सेटमधे प्रोटिओझोम अडवणारं एमजी१३२, १० मायक्रोमोलर, घाला आणि बघा थांबतंय का. एमजी१३२ ने नवीन खालचा बँड आला तर तो बहुधा साखर काढलेला असतो, कारण सायटोसोलमधे चिरायच्या आधी साखर काढणारं एन्झाइम आहे. पीएनगेज एफच्या लेनशी जुळवून बघा. सहा तासांपेक्षा जास्त एमजी१३२ ठेवू नका, पेशीच मरायला लागतात आणि मग कशाचाच अर्थ लागत नाही.

सगळंच प्रोटिओझोमकडे जातं असं पण नाही. अल्फा-१ अँटीट्रिप्सिनचा झेड प्रकार, ३४२ व्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसीन, लिव्हरच्या पेशीत साखळ्या करून साठतो. रक्तात कमी पोचतो म्हणून फुप्फुस उघडं पडतं आणि साठतो म्हणून लिव्हर बिघडतं, दोन्ही त्रास एकाच अमिनो आम्लामुळे. तुमचं प्रोटीन पेलेटमधे असेल आणि एमजी१३२ ने काहीच फरक पडत नसेल तर बॅफिलोमायसिन घालून लायसोसोमची, म्हणजे पेशीतल्या दुसऱ्या कचरा-जागेची, वाट तपासा.

पायरी ७: ईआर ओरडतंय का

प्रमाणाबाहेर प्रोटीन कोंबलं की आयआरई१, पीईआरके आणि एटीएफ६ हे तीन सेन्सर जागे होतात. काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर यांना या शोधासाठी २०१४ चा लास्कर पुरस्कार मिळाला. स्वस्त आणि खात्रीची टेस्ट म्हणजे एक्सबीपी१ चं स्प्लायसिंग, आयआरई१ त्या आरएनएमधून बरोबर २६ न्यूक्लिओटाइड कापतं. दोन्ही बाजूंनी प्रायमर लावून आरटी-पीसीआर करा आणि ३ टक्के अ‍ॅगरोजवर चालवा, किंवा पीएसटी१ ने कापा, कारण ती काप-जागा त्या २६ मधेच आहे, न कापलेल्या आरएनएचं प्रॉडक्ट तुटतं आणि स्प्लाइस झालेल्याचं तुटत नाही. वर तिसरा बँड दिसला तर घाबरू नका, दोन्ही प्रकारच्या धाग्यांची मिसळ असते. पॉझिटिव्ह कंट्रोलला ट्युनिकामायसिन किंवा थॅप्सिगार्गिन, दोन्ही ईआरला ताण देतात. नुसतं बिप वाढलेलं दाखवून ईआर स्ट्रेस म्हणू नका, निदान दोन सेन्सर दाखवा.

पायरी ८: मग करायचं काय

एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळ्यात आधी तापमान, ३७ वरून ३० ते ३३, फुकट आहे आणि घडीला वेळ मिळतो. मग डीएनए कमी करा किंवा कमजोर प्रोमोटर घ्या, मुलांना हे पटत नाही, कमी बनवून जास्त कसं मिळेल, पण गेटवर गर्दी असेल तर मिळतं. ते झालं की सिग्नल पेप्टाइड बदलून बघा. जोडीदार साखळी लागत असेल तर ती द्या. पीडीआय किंवा बिप जास्तीचं घालायचा सल्ला खूप मिळतो, मी तो शेवटी ठेवेन, कधी फायदा होतो, कधी बिपच जास्त घट्ट धरून बसतं. सिस्टीनच्या गुंत्यात कागदावर बघा की एखादा सिस्टीन एकटा, बिनजोडीचा तर नाही, तुम्ही तुकडा कापून घेतला असेल तर जोडीदार बाहेर राहिलेला असू शकतो, तो सेरीनमधे बदलला की कधी कधी सगळं सुटतं.

आणि ज्यांच्याकडे सेल कल्चरच नाही

म्हापसा, मडगाव, साखळी, फोंडा, कुठल्याही कॉलेजात यीस्टवर हे दाखवता येतं. यीस्ट साखर खायला इन्व्हर्टेज नावाचं, सुक्रोज तोडणारं एन्झाइम बाहेरच्या भिंतीत सोडतं, ते ईआरमधूनच जातं आणि साखरेने लदलेलं असतं. रँडी शेकमन आणि पीटर नोविकने १९७९ मधे स्राव अडलेली पहिली यीस्ट म्युटंट शोधली तेव्हा अडकलेलं इन्व्हर्टेज मोजूनच खात्री केली होती, आणि शेकमनना २०१३ चं नोबेल मिळालं.

लॅबचं स्ट्रेन घ्या, दुकानातलं बेकरीचं यीस्ट नको कारण त्यात इन्व्हर्टेज आधीच जास्त असू शकतं. २ टक्के ग्लुकोजच्या मीडियात रात्रभर वाढवा, सकाळी ताज्या मीडियात घेऊन लॉग फेजला (भराभर वाढीच्या टप्प्याला) आणा. धुऊन तीन फ्लास्क करा. पहिला २ टक्के ग्लुकोज, यात इन्व्हर्टेजचा जीन दबलेला राहतो. दुसरा ०.१ टक्का ग्लुकोज, यात तो उघडतो. तिसरा दुसऱ्यासारखाच पण ट्युनिकामायसिन ५ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिली घालून, म्हणजे साखरेचं झाडच तयार होत नाही. ट्युनिकामायसिन डीएमएसओमधे विरघळवतात, म्हणून पहिल्या दोन फ्लास्कमधे पण तेवढंच नुसतं डीएमएसओ. ३० अंशाला हलवत दोन-अडीच तास.

मग बर्फ, आणि थंड पाण्याने तीनदा धुवा, कारण मीडियातला ग्लुकोज राहिला तर रीडिंग फुगतं. जुन्या प्रोटोकॉलमधे पेशी थांबवायला सोडियम अ‍ॅझाइड घालायला सांगतात, कॉलेजात नका घालू, पुढचा बफर आम्लसर आहे आणि अ‍ॅझाइड आम्लात गेलं की विषारी वायू सुटतो. बर्फ पुरतो. ट्युनिकामायसिनला ग्लोव्हज घालूनच हात लावा, माणसाच्या पेशीत पण ते तेच करतं.

प्रत्येक फ्लास्कच्या पेशींचा ओडी (पेशींची दाटी दाखवणारं रीडिंग) सारखा करा आणि दोन वाटे करा. एका वाट्यात अख्ख्या पेशी, दुसऱ्यात ०.१ टक्का ट्रायटन घालून गोठवून-वितळवून दोन-तीनदा फोडलेल्या. सुक्रोज भिंतीतून आत येतं पण अख्ख्या पेशीच्या पडद्यातून सहज आत जात नाही, म्हणून अख्ख्या पेशींचं रीडिंग म्हणजे बाहेर पोचलेलं इन्व्हर्टेज, फोडलेल्यांचं म्हणजे एकूण. पीएच ५ चा सोडियम अ‍ॅसिटेट बफर, सुक्रोज, ३७ अंशाला १० मिनिटं, मग सुटलेल्या साखरेबरोबर रंग देणारं डीएनएसए घालून उकळा आणि ५४० नॅनोमीटरला वाचा. प्रत्येक नमुन्याबरोबर एक सुक्रोज न घातलेली ट्यूब आणि एक पेशी न घातलेली ट्यूब, दोन्ही वजा करायच्या.

एकूणातून बाहेरचं वजा केलं की आतलं. एक भानगड माहीत असू द्या, तोच जीन दोन प्रकारचे आरएनए देतो, एकात सिग्नल पेप्टाइड असतं आणि एकात नसतं, त्यामुळे थोडं बिनसाखरेचं इन्व्हर्टेज सायटोसोलमधे कायमच असतं. २ टक्के ग्लुकोजवाल्या फ्लास्कमधलं जे थोडंसं आतलं रीडिंग येतं ते बहुधा तेच, त्याला अडकलेलं समजू नका. दुसऱ्या फ्लास्कमधे बाहेरचं चांगलं वाढलेलं दिसेल. तिसऱ्यात बाहेरचं पडलेलं दिसेल, पण आतलं त्या प्रमाणात वाढेलच असं नाही, कारण साखरेशिवाय घडी बिघडलेलं प्रोटीन अ‍ॅक्टिव्हिटीच दाखवत नाही, आणि ही टेस्ट फक्त अ‍ॅक्टिव्हिटी मोजते. तिथे वेस्टर्न करता आला तर करा, नाहीतर जर्नलमधे तसं स्पष्ट लिहा.